धुळीचं पांघरूण

एप्रिल उजाडला की आमच्या लिंकनमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राजधानीत, एक विशिष्ट वास सुटतो. ओल्या लाकडाचा, थोडासा आंबूस. हार्डवेअरच्या दुकानांबाहेर झाडाच्या सालीच्या भुग्याच्या पिशव्यांची थप्पी लागते आणि शनिवार-रविवारी सगळी गल्ली हातगाडी घेऊन बाहेर पडते. घरासमोरच्या फुलझाडांच्या वाफ्यांवर दोन-तीन इंच जाडीचा हा तपकिरी थर पसरायचा. काही जण काळा घेतात, काही जण चक्क विटकरी रंग दिलेला. याला इथे 'मल्च' म्हणतात. आपल्याकडे शेतकऱ्याला मल्चिंग म्हटलं तर डोळ्यांसमोर टोमॅटोच्या बेडवरचा चंदेरी-काळा प्लास्टिक कागद येतो, आणि कृषी खात्याच्या भाषेत त्याच गोष्टीला 'आच्छादन' म्हणतात.

मागच्या आठवड्यात शेजारच्या आजींनी मला कुंपणावरून विचारलं, "तू मातीवर पीएचडी करतेस ना? मग सांग, मल्च आत्ता टाकू की थांबू?" मी मातीवर नाही, मातीबद्दल लोकांना काय वाटत होतं त्यावर पीएचडी करते, हे कुंपणावरून समजावणं जरा अवघड असतं. पण त्यांच्या प्रश्नामुळे माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण तुम्हाला सांगायची चांगली संधी मिळाली. त्यात मी कशी तोंडावर आपटले, तेही सांगणार आहे.

सुरुवात शब्दापासून करू. मल्च हा शब्द इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत सतराव्या शतकापासून दिसतो आणि तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: अर्धवट कुजलेला ओला पेंढा. माळी तो नव्या लावलेल्या रोपांच्या बुडाशी टाकायचे, मूळ थंडीत गारठू नये आणि उन्हात वाळू नये म्हणून. सोपी गोष्ट आहे. पण तुम्ही १९०० ते १९३० या काळातली अमेरिकन शेतीची आणि परसबागेची पुस्तकं उघडलीत, तर तिथे मल्च म्हणजे पेंढा नव्हे, पाला नव्हे, तर धूळ! 'डस्ट मल्च'. दर पावसानंतर, किंवा बागेला पाणी दिल्यावर वाफसा आला की लगेच, दाताळं घेऊन वरची दोन-तीन इंच माती भुसभुशीत करायची. हा मोकळा कोरडा थर हेच जमिनीचं पांघरूण. ते घातलं की खालची ओल उडत नाही, असं ठामपणे लिहिलेलं असायचं. पेंढा विकत आणावा लागत नाही, वाहून आणावा लागत नाही, पांघरूण जागच्या जागी तयार! कल्पना इतकी सुटसुटीत आहे की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही पटली होती.

यामागचं शास्त्र असं होतं. समईची वात तेल वर ओढते तशी माती खालचं पाणी वर ओढते, कारण मातीच्या कणांमधल्या बारीक फटी म्हणजे केसासारख्या नळ्याच. वर आलेलं पाणी उन्हा-वाऱ्याने उडून जातं. मग वातीचं वरचं टोक कातरून टाकलं तर? वरची माती ढवळली की नळ्या तुटतात, पाणी धुळीच्या थराखाली अडतं आणि पिकाच्या कामी येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक एफ. एच. किंग यांनी मातीतल्या पाण्याच्या हालचालीवर पुष्कळ मोजमापं केली, १८९५ साली 'द सॉइल' हे पुस्तक लिहिलं, आणि या समजुतीला प्रयोगशाळेची प्रतिष्ठा मिळाली. हेच किंग पुढे चीन-जपान-कोरिया फिरून आले आणि तिथल्या शेतीवर त्यांनी 'फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज' लिहिलं, जे आज सेंद्रिय शेतीवाल्यांचं लाडकं पुस्तक आहे. म्हणजे माणूस काही साधासुधा नव्हता.

गडबड कुठे होती? अशा प्रयोगांत मातीच्या स्तंभाच्या बुडाशी पाणी असायचं. वात तेलात बुडलेली असेल तर ती तेल ओढत राहणारच. पण ज्या शेतात भूजल पन्नास-शंभर फूट खोल आहे, तिथे वात कशात बुडालेली आहे? कशातच नाही. तिथली माती फक्त पावसाने वरून भिजलेली असते. हा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण माझं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. हार्डी वेब्स्टर कॅम्पबेल. १८७९ मध्ये पूर्वेकडच्या व्हरमाँटहून डाकोटात जमीन घ्यायला आलेला शेतकरी. दुष्काळाने पोळल्यावर त्याने स्वतःची एक पद्धत बसवली: खालची माती दाबून घट्ट करायची, त्यासाठी त्याने खास अवजारही बनवलं, आणि वरचा थर सतत कुळवून मोकळा ठेवायचा. थोडक्यात, खाली घट्ट आणि वर भुसभुशीत. त्याची 'सॉइल कल्चर मॅन्युअल' ही पुस्तिका आमच्याच लिंकनमधून छापली जायची. विद्यापीठाच्या लायब्ररीत तिची एक प्रत आहे. तिच्या पानांना हात लावताना मला दरवेळी वाटतं, की हे कागद एखाद्या नवख्या शेतकऱ्याने चुलीशेजारी बसून वाचले असतील.

कॅम्पबेलची पद्धत त्याच्या एकट्याच्या बळावर पसरली नाही. तिला रेल्वे कंपन्यांनी उचलून धरलं. १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला साधारण २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आत. (माण, मंगळवेढा, सांगोल्याच्या वाचकांना हा आकडा घरचा वाटेल.) रेल्वेकडे तिथल्या जमिनी विकायला होत्या, आणि रूळ टाकल्यावर त्यावरून धान्य वाहायलाही हवं होतं. त्याआधीच्या पिढीला 'नांगरामागून पाऊस येतो' अशी थाप मारून झाली होती; नेब्रास्का विद्यापीठातला एक प्राध्यापक, सॅम्युअल ऑगी, त्यात आघाडीवर होता. १८९० च्या दशकातल्या दुष्काळाने ती थाप उघडी पडली. मग नवी भाषा आली: पाऊस कमी असला म्हणून काय झालं, शास्त्रीय पद्धतीने मशागत केली की कमी पावसातही गहू पिकतो! कॅम्पबेलच्या नावाने नमुना शेतं निघाली. १९०७ मध्ये डेन्व्हरला कोरडवाहू शेतीची काँग्रेस भरली. १९०९ च्या कायद्याने तर सरकारने कोरड्या भागात एका कुटुंबाला १६० ऐवजी ३२० एकर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ही जमीन घेतली त्यातले कित्येक जण आयुष्यात कधी शेतीच न केलेले होते. त्यांच्या हातात हे मॅन्युअल होतं.

कॅम्पबेलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. थर पिठासारखा बारीक नको, रवाळ हवा, असं तो सांगत होता. पण 'डस्ट' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच. शिवाय दर पावसानंतर तेच ते रान कुळवत राहिलं तर रव्याचं पीठ व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता तुम्ही विचाराल, तेव्हा कुणालाच शंका आली नाही का? आली की. आणि हीच माझ्या अभ्यासातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा आहे. १९१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या केट्स आणि कॉक्स या दोघांनी मक्यावरच्या सव्वाशे प्रयोगांचा हिशेब छापला. एका बाजूला नेहमीसारखी कोळपणी केलेला मका, दुसऱ्या बाजूला माती अजिबात न ढवळता नुसतं तण वरच्यावर खुरपून काढलेला मका. दुसऱ्या बाजूचं धान्य पहिल्याच्या तुलनेत किती आलं? सरासरी सुमारे ९९ टक्के. म्हणजे कोळपणीचा जवळजवळ सगळा फायदा तण मरण्यात होता. धुळीच्या पांघरुणाचा भाग नगण्य. पुढे १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक व्हाइमायर यांनी मातीने भरलेल्या मोठ्या टाक्या वजन करकरून दाखवलं, की उघडी माती ढवळा नाहीतर ढवळू नका, पाणी उडायचं तेवढंच उडतं.

कारण समजून घ्यायला तुम्हाला प्रयोगशाळा लागणार नाही. कुंडीला पाणी घाला आणि दोन दिवस बघत बसा. वरचा थर पहिल्या एक-दोन दिवसांत पटकन सुकतो, आणि सुकलेली माती पाणी वर ओढूच शकत नाही. वात आपोआप तुटते. शेतात वाफसा येऊन तुम्ही कुळव जुंपेपर्यंत जे उडायचं ते बरंचसं उडून गेलेलं असतं. थोडक्यात, माती आपलं पांघरूण स्वतःच घेते. दाताळं तिथे उशिरा पोचतं.

हे सगळं छापून आलं होतं, तरी बागकामाची पुस्तकं पुढची कित्येक वर्षं तेच सांगत राहिली. का, याचं एक उत्तर मला सुचतं. डस्ट मल्च करणाऱ्याला फळ मिळतच होतं! त्याच्या रानात तण नसायचं, पीक चांगलं यायचं. कारण चुकीचं होतं, पण परिणाम बरोबर होता. असा समज मोडणं फार कठीण जातं.

परसबागेत यामुळे फार काही बिघडलं नाही. माळ्याचे हात दुखले, एवढंच. मैदानांवर मात्र बिघडलं. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, मग ट्रॅक्टर आणि तव्यांचे नांगर आले, लाखो एकर गवत उलटवलं गेलं. एक वर्ष रान पडीक ठेवून ओल साठवायची आणि त्या वर्षभर ते उघडं, मोकळं, बारीक ठेवायचं, ही शिकवण बऱ्याच जणांनी पाळली. १९३० च्या दशकात पाऊस फिरकला नाही आणि वारा मात्र नेहमीसारखाच सुटला. १४ एप्रिल १९३५, रविवार. त्या दिवसाला इथे 'ब्लॅक संडे' म्हणतात. मैदानांवरून मातीची एक काळी भिंत दक्षिणेकडे सरकत गेली, भर दुपारी अंधार झाला. दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृद्संधारणाचा कायदा झाला.

या सगळ्याचा दोष एकट्या धुळीच्या पांघरुणावर टाकणं अन्याय ठरेल. भाव, कर्ज, यंत्रं, दुष्काळ, जमिनीची सट्टेबाजी, सगळंच त्यात होतं. पण ओल राखायची म्हणून शेत बारीक आणि उघडं ठेवा, हा सल्ला वाऱ्याच्या प्रदेशात काय करू शकतो, ते त्या दहा वर्षांनी दाखवलं.

आणि गंमत बघा, उत्तरही लिंकनमधूनच निघालं. ज्या गावात कॅम्पबेलचं मॅन्युअल छापलं गेलं, त्याच गावात १९३८ च्या सुमारास एफ. एल. डुली आणि जे. सी. रसेल या दोघांनी शेतात पेंढा नुसता पसरून ठेवला. नांगरून गाडला नाही, जाळला नाही. एका हंगामात नांगरलेल्या उघड्या तुकड्याने पडलेल्या पावसापैकी जेमतेम एक पंचमांश पाणी जमिनीत साठवलं. एकरी दोन टन पेंढा अंथरलेल्या तुकड्याने निम्म्याहून अधिक. फरक कशाने पडला? डुलींच्या लक्षात आलं की उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटले की ढेकळं फुटतात, बारीक कण फटींत जाऊन बसतात आणि वर एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. मग पाणी आत जातच नाही, वरून वाहून जातं. पेंढा असला की थेंबाचा मार तो खातो. पेंढा काढून घेतला की जमिनीची पाणी पिण्याची गती झपाट्याने उतरते. तीस-चाळीस वर्षं सगळे जण जमिनीतून वर जाणाऱ्या पाण्याची काळजी करत होते. यांनी आत न शिरणाऱ्या पाण्याकडे बघितलं.

शेतकऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या असं नाही. पेंढा अंथरलेलं रान गबाळं दिसतं, पेरणीयंत्रात अडकतं, नत्राची ओढाताण होते, आणि वसंतात जमीन लवकर तापत नाही. हे शेवटचं कारण लक्षात ठेवा, शेजारच्या आजींच्या प्रश्नाला तेच उत्तर आहे. परसबागेत मात्र ही कल्पना एका बाईंमुळे घरोघरी गेली. कनेटिकटमधल्या रूथ स्टाउट. त्या दर वसंतात बाग नांगरून द्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत बसायच्या. १९४४ च्या एप्रिलमध्ये वाट बघून त्या कंटाळल्या आणि गेल्या वर्षीच्या कचऱ्याखालच्या मऊ मातीत सरळ बी पेरून मोकळ्या झाल्या. पुढे वर्षभर खराब गवताचा जाड थर घालत राहायच्या. १९५५ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक खूप खपलं. ते सालीच्या भुग्याचं प्रकरण त्यानंतरचं. लाकूड कारखाने साल जाळून टाकायचे, धुरावर बंधनं आली, तेव्हा तो कचरा पिशवीत भरून विकायला लागले. आमच्या गल्लीतला आंबूस वास तो हाच.

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी हे सगळं वाचून मला केवढा साक्षात्कार झाला होता! आपल्या सोलापूर भागात म्हणतात ना, "एक कोळपणी, अर्धं पाणी"? माझे आजोबा ज्वारीत कोळपं धरताना हे हमखास म्हणायचे. मी सेमिनारसाठी धडाक्यात लिहून टाकलं, की ही म्हण म्हणजे अमेरिकन डस्ट मल्चचाच देशी अवतार; मुंबई इलाख्यात मांजरीला आणि मग सोलापूर-विजापूरला कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं निघाली, तिथून 'बॉम्बे ड्राय फार्मिंग' पद्धत आली, तीत वारंवार आंतरमशागत सांगितली होती, आणि तिथून हा गैरसमज आजोबांपर्यंत झिरपला. माझ्या गाइडनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: "तुझे आजोबा कुठल्या महिन्यात कोळपायचे, आणि का?"

मला महिना माहीत नव्हता. रात्री मंगळवेढ्याला मामांना फोन लावला.

"मामा, आपण ज्वारी तीनदा का कोळपतो?"

"अगं, पहिल्या दोन तणासाठी. तिसरी भेगांसाठी."

"भेगांसाठी म्हणजे?"

"अगं येडे, पौषात रानात हात घालून बघ की, कोपरापर्यंत जातो. भेग उघडी राहिली तर खालपर्यंतची वल जाती. दातेरी कोळपं फिरवायचं, माती भेगेत ढकलायची. शिकायला गेलीस आणि एवढंबी ठावं न्हाई?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. काळी माती ही नेब्रास्काची माती नव्हे. ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते आणि फाटते. ओल नुसती वरच्या पृष्ठभागातून उडत नाही, प्रत्येक भेगेच्या दोन्ही भिंतींतून उडते. रब्बीची मालदांडी पावसावर नाही, मातीत साठलेल्या ओलीवर वाढते. आणि भेग बुजवणं म्हणजे खरोखरच झाकण लावणं. त्यातून गंमत म्हणजे मृदाशास्त्रात या काळ्या मातीच्या कित्येक प्रकारांना नावच 'सेल्फ मल्चिंग' असं आहे, म्हणजे वरचा थर आपोआप रवाळ होणारी. कॅम्पबेलला जो रवाळ थर हवा होता, तो आमच्या रानात फुकट होतो. तो वाऱ्याच्या मैदानात जे करायला सांगत होता, तेच काम काळ्या रानात, वेगळ्या कारणाने, बरोबर ठरतं. मी अमेरिकेतली चूक उचलून थेट आजोबांच्या माथी मारली होती. मैदानातल्या त्या लोकांनी विस्कॉन्सिनच्या नळ्या उचलून डाकोटात नेल्या होत्या तशीच.

ते प्रकरण मी काढून टाकलं. चाळीस पानं. आता तिथे एक नवं, बरंच छोटं प्रकरण आहे, आणि त्यासाठी मी येत्या डिसेंबरात मंगळवेढ्याला जाऊन प्रत्यक्ष भेगा मोजणार आहे. मामांनी टेप आणायला सांगितलीय. त्यांच्याकडची जुनी झाली म्हणे.

शेजारच्या आजींना मी सांगितलं की थोडं थांबा. जमीन अजून थंड आहे. आत्ताच जाड थर घातलात तर पांघरुणाखाली गारवाच राखला जाईल आणि कोंब उशिरा वर येतील. मे उजाडू द्या, माती हाताला कोमट लागली की दोन-तीन इंच घाला, आणि झाडाच्या बुंध्याला टेकवू नका, साल कुजते. थंडीत घातलेला जुना पाला मात्र आत्ताच हळूहळू बाजूला करायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, "पिशव्या तर घेऊन झाल्या, सेल होता." मग आम्ही दोघींनी मिळून त्या अकरा पिशव्या त्यांच्या गॅरेजमध्ये रचून ठेवल्या.